बाबांचं एक उत्तर

…आणि विचारलं काय होतं मी? हो की नाही, एवढंच! दोनच शब्द, त्यातला एक उचलायचा, माझ्या पुढ्यात टाकायचा आणि परत पेपर वाचायला लागायचं. पण नाही! आमच्या बाबांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, घडी घालून पेपरावर ठेवला, मी जणू एखाद्या बुडत्या कंपनीची संचालक आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! अहो, मला काय वाटतं ते मला कळलं असतं तर रविवारी सकाळी दोन बस बदलून, केस ओले, डोक्याचा भुगा झालेला, अशी मी यांच्या दारात कशाला उभी राहिले असते?

थांबा, आधी बाबांचं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मुलगीच भांडखोर आहे. आहेच, पण ते नंतर. बाबा प्राध्यापक, विषय मानसशास्त्र. बावीस वर्षं वर्गात शिकवलं. मग विद्यापीठाने नेतृत्व विकास केंद्र काढलं, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि बाबा तिथले प्रमुख झाले. तेव्हापासून ते एक्झिक्युटिव्ह कोच. म्हणजे काय, तर मोठमोठ्या साहेबांना समोर बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. फक्त प्रश्न! सल्ला द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, मान हलवतानासुद्धा ती हो म्हणून हललीये असं वाटता कामा नये. प्रश्न विचारला की गप्प बसायचं आणि मनात सातापर्यंत मोजायचं. साहेबाला ती शांतता सहन होत नाही, तो बोलायला लागतो, आणि बोलता बोलता त्याचं उत्तर त्यालाच सापडतं. मग तो म्हणतो, "सर, कमाल केलीत!" काय कमाल केली हो? मोजत होते! मला माहितीये ना, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो. सात पेरं झाली की थांबतो. हे गुपित त्यांच्या एकाही साहेबाला कळलेलं नाही, मला आठव्या वर्षी कळलं.

ठीक आहे, साहेबांना हे चालतं. घरात? आमच्या घराच्या पुढच्या खोलीला कित्येक वर्षं पडदे नव्हते. का नव्हते? कारण आईने एकदा विचारलं, "अहो, पडदे निळे घेऊ की पिवळे?" आणि हे म्हणाले, "पडदे असले की नेमकं काय बदलेल असं तुला वाटतं?" आई औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोक तिला एका वाक्यात विचारतात आणि ती एका शब्दात सांगते, जेवणाआधी, जेवणानंतर! ती म्हणाली, "काही बदलणार नाही," आणि उठून गेली. समोरच्या इमारतीतल्या काकू आमच्याकडे आज कुठली भाजी आहे ते बघून आपली ठरवायच्या.

आणि तुम्हाला सांगते, हे असे नव्हते हो! खरा राग त्याचाच आहे. मी लहान होते तेव्हा हाच माणूस उत्तरांचं दुकान होता! आईची दुपारची पाळी असली की बाबा मला कॉलेजात घेऊन जायचे, शेवटच्या बाकावर बसवायचे, आणि मी चित्रं काढत तासच्या तास ऐकायची. काळ्या कोटाची उजवी बाही कोपरापर्यंत खडूने पांढरी. कोणी काहीही विचारा, बाबा फळ्याकडे वळायचे आणि लिहायचे, "कारण एक. कारण दोन. कारण तीन." कायम तीन! घरी येताना मी विचारायची, मुंग्या रांगेतच का चालतात? तीन कारणं. तो माणूस स्वतःशी का बोलतोय? तीन कारणं, आणि चौथं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून कानात. आता मोठेपणी कळतंय की त्यातली निम्मी कारणं चक्क चुकीची होती. मुंग्यांबद्दल तर धादांत! पण काय खात्री होती हो त्या आवाजात… रस्ता ओलांडताना त्यांनी हात धरला असला ना, की मी डावीउजवीकडे बघायचेसुद्धा नाही.

मग ते केंद्र आलं. पहिलं वर्ष फळा होता. दुसऱ्या वर्षी गेले तर भिंतीवर नुसता चौकोनी डाग, खाली गालिचा, खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि बाबांच्या बाह्या स्वच्छ. मी विचारलं, "बाबा, फळा कुठे गेला?" तर म्हणाले, "तुला काय वाटतं?" तो पहिला! तिथून जे सुरू झालं…

बरं, त्यांचा तो निनावी अभिप्राय! साहेबाबद्दल त्याच्या वरचे, खालचे, बरोबरीचे, सगळ्यांनी नाव न घालता लिहायचं, आणि कोणी काय लिहिलं ते कधीही उघड करायचं नाही, हा यांच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. नवा फॉर्म तयार झाला तेव्हा बाबांनी तो आधी घरात वापरून बघितला. विषय बाबा स्वतः. आणि लिहिणारे किती? तीन! आई, मी, आणि तेव्हा आमच्याकडे राहायला आलेला मामा. चार दिवसांनी जेवणाच्या टेबलावर छापील अहवाल! "एकूण प्रतिसादक तीन. ओळख गुप्त राखण्यात आली आहे. एका प्रतिसादकाने पडद्यांचा उल्लेख केला आहे. दुसऱ्या प्रतिसादकाने सर्व रकान्यांत 'उत्तम' असे लिहिले आहे." हा मामा, फुकट राहत होता ना! "तिसऱ्या प्रतिसादकाने जांभळ्या स्केचपेनने लिहिले आहे, की आधीचे बाबा परत आणावेत."

मी ताटात बघत बसले. तेरा वर्षांची होते. मला वाटलं, आता जवळ घेतील, काहीतरी बोलतील. पण बोलणार कसे? ओळख गुप्त! त्यांनी मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मिठाच्या बरणीकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "प्रतिसादकांपैकी कोणाला याबद्दल अधिक बोलायचं असल्यास…"

"मला नाही," मामा म्हणाला.

झालं, विषय संपला! तो कागद त्यांनी फाईलला लावला म्हणे. लावा!

तर, तो रविवार. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सहा वर्षं झाली, बाटल्या, नळ्या, काचेच्या पट्ट्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला जग नको. आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते, आणि वरून बोलावणं आलं, प्रमुख व्हाल का? सोमवारपर्यंत सांगा. विभागात अकरा माणसं. त्यातली नऊ माझ्यापेक्षा वयाने मोठी, दोघींनी तर मला बाटली कशी धुवायची ते शिकवलेलं. ती मंडळी काय करतात तुम्हाला सांगू? नवं यंत्र आलं की त्यावर टॉवेल टाकून ठेवतात! मी त्यांना एक वर्ष सहन करीन की एका महिन्यात कोणाच्या तरी डोक्यावर नमुन्याची बाटली ओतीन? घेतलं तर माझा सूक्ष्मदर्शक सुटतो. नाही घेतलं तर ते टॉवेल जन्मभर. माझी झोप उडालेली! आणि ज्या माणसाने आयुष्यभर साहेब घडवले तो माझा सख्खा बाप! मग विचारायचं नाही? हो की नाही, एवढंच!

"तुला काय वाटतं?"

सात पेरं.

"बाबा, मोजू नका, मला दिसतंय!"

"हे पद घेतलं नाहीस तर कशाची रुखरुख राहील?"

"हा प्रश्न पुस्तकातला आहे. तुमच्याच पुस्तकातला, पान अठ्ठेचाळीस. मुद्रितं मी तपासलीत!"

आई आतून ओरडली, "अगं, कशाला घसा कोरडा करतेस? मला अजून पडदे मिळालेले नाहीत!"

आणि मग माझा तोल गेला. म्हटलं, बाबा, तुम्हाला भीती वाटते! सगळं आयुष्य प्रश्नांच्या मागे लपून बसलात, उत्तर द्यायला छाती लागते! आई भिजलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस उठून जाणार.

बाबा म्हणाले, "हो. वाटते."

एकदम हो! प्रश्नच नाही!

म्हणाले, "केंद्राचं पहिलं वर्ष होतं. एक कारखान्याचा साहेब यायचा. त्याचा हाताखालचा माणूस म्हणजे त्याचा पंधरा वर्षांचा दोस्त, आणि त्याच्याकडून काम होईना. त्याने मला तुझ्यासारखंच विचारलं, काढू की नको? मी फळ्यावर तीन कारणं लिहिली आणि म्हटलं, काढ. त्याने काढला. सहा महिन्यांनी तो परत आला. मला वाटलं भांडेल. तर आभार मानायला आला होता. म्हणाला, सर, दोस्ताच्या घरचे आता दार उघडत नाहीत, पण निर्णय तुमचा होता, म्हणून मला त्रास होत नाही. आणि हसत निघून गेला." बाबांनी चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "त्रास त्याचा होता गं. तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. आजही आहे माझ्याकडे. त्या आठवड्यात मी फळा उतरवला."

भडाभडा बोलणारी मी, अगदी हळू म्हटलं, "बाबा, पण ते साहेब होते. मी काय तुमची क्लायंट आहे? माझंही ठेवून घ्या ना तुमच्याकडे…"

अंगठा सरकायला लागला. पाच, सहा, सात. थांबला नाही! दुसऱ्या हातावर गेला. एकोणीस, वीस…

"घे," बाबा म्हणाले.

"काय?"

"पद. घे."

"कारणं?"

"एकही नाही. घे. आणि चुकलं तर माझ्यावर ढकल."

आई म्हणाली, "अहो, तेवढ्यात पडद्यांचं…" बाबा म्हणाले, "पिवळे." ती माउली तिथेच स्टुलावर बसली!

घेतलं मी पद. चार महिने झाले. कसं चाललंय विचारू नका! बाटली धुवायला शिकवणाऱ्या दोघी माझ्याशी फक्त लेखी बोलतात. एकजण 'प्रकृती अस्वास्थ्य' म्हणून रजेवर आहे आणि रोज मैदानावर बॅडमिंटन खेळताना दिसतो. सूक्ष्मदर्शकावर टॉवेल आहे, माझ्याच! रोज संध्याकाळी मी बसथांब्यावरून फोन करते आणि सुरू होते, "तुमच्यामुळे झालं हे! तुम्ही म्हणालात घे! कशाला म्हणालात?" आणि तिकडून बाबा म्हणतात, "हो गं, माझंच चुकलं." मी आणखी चिडते, ते म्हणतात, "अगदी बरोबर, सगळी चूक माझी." पाच मिनिटांत माझं डोकं हलकं, बस येते, मी चढते. आई सांगते, साडेपाचपासून फोन मांडीवर घेऊन बसलेले असतात.

परवा पहिल्यांदाच दिवस सरळ गेला. दोघी हसल्या, अहवाल वेळेवर गेले, बॅडमिंटनवाला चक्क कामावर आला. मी फोन केला नाही. सहा वाजता त्यांचाच आला. "आज काही बिघडलं नाही का गं?" आवाज एवढासा… आता काय करणार, सांगा! म्हटलं, "बिघडलंय ना बाबा, प्रिंटर बिघडलाय."

"माझंच चुकलं," म्हणाले, आणि खूश होऊन फोन ठेवला.