फोनला कुणी सांगितलं?

माझं नाव निवृत्ती, गाव मला आबा म्हणतं, आन पारनेर तालुक्यातल्या ह्याच माळावर माझा सगळा जन्म गेला. दुष्काळात आई-बाप खडी फोडायला जायचे आन मी त्यांच्या मागं, कारण घरी सांभाळायला कुणी न्हवतं. शाळा सातवीपत्तोर. पुढं राळेगणात नाले अडवले, पाणी मुरवलं, ते बघून आमच्या गावानं बी टिकाव उचलला. पाणी आलं तसा चारा आला, चारा आला तशा गाया आल्या, आन गाया आल्या म्हणल्यावर दूध घालायला केंद्र पाहिजे, त्या केंद्रावर मी बसलो तो बसलोच. आता गुडघे गेले, माप सून घेती, मी नुसता खुर्ची टाकून असतो.

काय सांगू तुमाला, दूध केंद्र म्हणजे गावाची कचेरी. माणूस देवळात रोज जाईल न जाईल, पण दूध सकाळ-संध्याकाळ घालावंच लागतं. रांगेत किटली हातात, आन तोंड मोकळं. मग फॅट किती लागली इथून सुरुवात हुती आन दिल्लीत कोण कुणाला पाडणार इथवर जाती. पूर्वी एकजण पेपर वाचायचा, बाकीचे भांडायचे. आता प्रत्येकाच्या हातात फोन, वाचायला कुणी लागत न्हाई, भांडण तेवढं राहिलं.

आन आमच्याकडं एक रीत हाय. गावात मयत झालं की केंद्राचं शटर निम्मं खाली. माती हुईपत्तोर दूध घ्यायचं न्हाई. लांबनं कुणी किटली घेऊन येत असला आन शटर निम्मं दिसलं की तो तिथंच थांबतो, टोपी काढतो, आन विचारतो, कोण गेलं? ती रीत मीच पाडली, केंद्र निघालं तेव्हा, आन मला तिचा लई अभिमान हुता. ते शटर मी एकदा चुकीचं ओढलं. तेच सांगायला तुमाला बसवून घेतलंय. आन त्यापरास मोठं काय सांगायचं तर हौसाबाईचं, कारण तिच्या वाटचं मी दुसऱ्याला देऊन टाकलं.

हौसाबाई माझ्या मित्राची बायको. मित्र फौजेत हुता, पेन्शनीत आला आन छातीच्या दुखण्यानं गेला. मी तिला वहिनी म्हणतो. दोन म्हशी, एक गाय, जीभ मिरचीवाणी. पोरगा संजय, तो बी बापासारखा फौजेत, सरहद्दीवर. सून रेखा घरी. बास, एवढंच घर.

ते दिवस तुमाला आठवत असतील, सरहद्दीवर पेटलं हुतं आन टीव्हीवाले घसा फोडून वरडत हुते. आमच्या रांगेत तर सगळेच सेनापती. एक म्हणायचा घुसायला पाहिजे, दुसरा म्हणायचा नुसतं घुसून भागत न्हाई, नकाशावरनं पुसून टाका. मी बी म्हणायचो, खोटं कशाला बोलू, खुर्चीत बसून मी बी दोन-चार गावं जिंकली. हौसाबाई किटली टेकवून ऐकायची. एक दिवस म्हणली, घुसायचं ठरलं न्हवं? मग घरटी एक नाव द्या. संजयला कळवते, तुमच्या पोरांना जागा धरून ठेवील. जो तो आपापल्या किटलीत बघायला लागला. मग एकजण हसला, म्हणला काकू तुमी लई टोचून बोलता, तर म्हणली, म्हशीला इंजेक्शन टोचतात तसं, बाबा, गुण यायला.

त्यातच संजयचा फोन यायचा बंद झाला. तसा त्यानं आधी निरोप दिला हुता, आई, आमाला फोन बंद ठेवायला सांगितलंय, काळजी करू नको. पण काळजी काय सांगून थांबती व्हय?

आन एका दुपारी माझ्या फोनवर आलं. संजयचा फोटो, गावच्या सत्कारातला, गळ्यात हार तसाच, आन खाली मेणबत्त्या, तिरंगा, आपल्या तालुक्याचा वीर सुपुत्र शहीद. मला पाठवलं चंदूनं, चंदू म्हणजे आमच्याच गावचा, तालुक्याला फ्लेक्स छापायचं दुकान हाय त्याचं. दोन मिनिटांत तेच दुसऱ्या ग्रुपवर, मग तिसऱ्या. एकाच तोंडून ऐकलं असतं तर विचारलं असतं, चार ठिकाणांहून आलं तसं खरं वाटलं. मी रडलो. त्याला मी खांद्यावर खेळवलेला. आन रडत रडत गेलो आन शटर निम्मं ओढलं. तिच्या घरी आधी जावं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. शटर आधी ओढलं.

संध्याकाळी माणसं जमली. टोप्या हातात.  तिच्या घरी सांगायला कोण जाणार ह्यावर खुसफूस चालली हुती, आन तेवढ्यात तीच आली की हो. डोक्यावर चारा न्हाई, काही न्हाई, नुसती किटली. लांबनं शटर बघितलं, थांबली, पदर सारखा केला, आन विचारलं, कोण गेलं?  तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. जो तो मान खाली घालत गेला. सगळ्यांच्या माना खाली गेल्यावर बाईला कळायचं राहील व्हय?

मला म्हणली, आबा, कुणी सांगितलं?

मी म्हणलं, वहिनी, फोनवर आलंय.

तर म्हणली, फोनला कुणी सांगितलं?

 ती तिथंच पायरीवर बसली, किटली मांडीशी धरली, आन म्हणली, माझ्या सासऱ्यानं लढाया बघितल्या, नवऱ्यानं बघितल्या. फौज असली बातमी माणसाच्या हाती धाडती, दारात माणूस येतो. माझ्या दारात कोण आलंय? कुणी न्हाई. मग ज्यानं ज्याच्याकडनं ऐकलं त्यानं त्याला आत्ता फोन लावायचा. माझ्या समोर. मोठ्यानं.

आन तिनं लावायला लावले, बरं का. मी चंदूला लावला. चंदू म्हणला मला नेवाशाच्या मेहुण्यानं पाठवलं. मेहुण्याला लावला, तो म्हणला जामखेडच्या एका मित्राकडनं आलं. त्या मित्राला लावला, तो बिचारा मोटारसायकलवर हुता, बाजूला थांबून म्हणला, अहो, मला तर तुमच्या पारनेरकडनंच आलं. सगळा जिल्हा फिरून बातमी परत आमच्याच दारात. मधी एक बी माणूस असा न्हाई की ज्यानं कुणाला विचारलं. सगळ्यांनी फक्त पुढं ढकललं.

हौसाबाई उठली. म्हणली, म्हणजे कुणालाच माहीत न्हाई. मग माझा पोरगा हाय. शटर वर करा, दूध नासतंय.

मी हललो न्हाई.  तर तिनं स्वतः वाकून शटर वर केलं, खाडकन, आन किटली मापापाशी ठेवली, म्हणली, फॅट काढा. मी नळी घेतली आन तिच्या दुधाची फॅट काढायला बसलो.

रेखानं नगरच्या सैनिकांच्या कचेरीत फोन लावला, तिथं म्हणले आमच्याकडं असं काही आलेलं न्हाई, आलं तर आमी स्वतः येऊ. म्हणजे तिच्या सासूचंच बोलणं. पण तोवर चंदूनं फ्लेक्स छापून आणला हुता, आन दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी, नाव घेत न्हाई. गाड्यांची रांग, मागं कॅमेरेवाला, आन दोघांनी धरलेलं फुलांचं मोठं चक्र. हौसाबाई दारात आली, नमस्कार केला, म्हणली, साहेब, आलात बरं झालं, चहा घ्या. फुलं मात्र परत न्या. न्हाईतर असं करा, म्हशीला घाला, तिला हिरवं कमीच पडतंय. कॅमेरेवाला खाली बघायला लागला. साहेबांनी चहा घेतला, काय करतात. निघताना गाडीत बसून दिल्लीला एक फोन लावल्यासारखं केलं. लागला का न्हाई देवाला ठाऊक.

आन मग संजयचाच फोन आला. मी तिथंच हुतो. आवाज आला, आई, जेवलीस का? ती म्हणली, व्हय, तू? बास. एवढंच. फोन ठेवला आन चुलीकडं वळली.

आता माझं पाप ऐका. महिन्याभरात सत्काराचा कार्यक्रम झाला. सत्कार कुणाचा? साहेबांचा. का, तर त्यांनी दिल्लीला फोन लावून खात्री करून घेतली आन गावाचा जीव भांड्यात पाडला. आन भाषण केलं मी. केंद्राला दूध थंड ठेवायचा कूलर पाहिजे हुता, फाईल अडकून पडली हुती, साहेबांच्या माणसानं सांगितलं, आबा, तुमी चार शब्द बोला, तुमचं लोक ऐकतात. मी बोललो. साहेब नसते तर आमी अंधारातच राहिलो असतो, असं बोललो. हौसाबाई बायकांत मागं बसली हुती, तिनं टाळ्या बी वाजवल्या. पेपरात तेच आलं, फोनवर तेच फिरलं. कूलर आला. अजून चालतो, चांगला हाय.

आन गंमत बघा. संजय गेला ही बातमी एका दुपारीत जिल्हाभर गेली. संजय हाय, ही बातमी मी स्वतः पाठवली, हात जोडून पाठवली, ती गावाच्या वेशीबाहेर सरकली न्हाई. नेवाशाची त्याची आत्या तर अंघोळ करून सुतक धरून बसली हुती. माझी सून सांगती, आबा, ज्यानं माणसं रडतात, पेटतात, ते फोनवाली कंपनी पुढं सारती. पोरगा जेवला का विचारतो, ह्यात तिला काय मिळणार? रेखानं त्या फोटोविरुद्ध कंपनीकडं तक्रार केली, बटण दाबून. उत्तर आलं, आमच्या नियमात बसतंय, काढता येत न्हाई. आता मला सांगा, तलाठ्याला दार हाय, तहसीलदाराला दार हाय, साहेबांच्या बी बंगल्याला दार हाय, तिथं जाऊन माणूस भांडू शकतो. ह्या कंपनीचं दार कुठं हाय? ज्याच्या हातात साऱ्या जगाचं बोलणं, त्याच्याशी बोलायची सोयच न्हाई. म्हणून फोन वाईट म्हणत न्हाई मी. त्याच फोनवर ती पोराचं तोंड बघती. पण मालक कोण, हे कळू नये?

दार न्हाई तर हौसाबाईनं काय केलं माहीत हाय का? संजय सुट्टीवर आला तेव्हा त्याला घेऊन निघाली. पायात चपला, हातात पिशवी, एसटीनं. नेवाशाला आत्याकडं, जामखेडला आपल्या माहेराकडं, मधल्या सगळ्या आठवडे बाजारांना. भाजीवालीसमोर पोराला उभा करायची आन म्हणायची, ह्यो बघा, चिमटा काढून बघा. तो एवढा मोठा हवालदार गडी, लाजून लाल, म्हणायचा, आई, मी काय बैल हाय व्हय बाजारात दाखवायला? ती म्हणायची, गप उभा राहा, बैल असतास तर दात बी दाखवायला लावले असते. जिथं जिथं तो मेला हुता तिथं तिथं तिनं त्याला जिता करून आणला. मी तर म्हणतो, ह्या बाईनं एकटीनं त्या कंपनीशी लढाई केली, आन आमी रांगेतले सेनापती बघत राहिलो.

हे सगळं मनात कुजत हुतं. परवाच्या ग्रामसभेत काठी टेकून उभा राहिलो आन सांगून टाकलं. साहेबांनी काही केलं न्हाई, मी कूलरसाठी खोटं बोललो, शटर मी ओढलं, ते वर तिनं केलं. दोघं-चौघं म्हणले, आबा, आता उकरून काय फायदा, निवडणूक तोंडावर हाय. म्हणलं, तोंडावर माझं मरण हाय, तुमची निवडणूक तुमी बघा. मग मी लई बोललो तिच्याबद्दल. म्हणलं, वाघीण हाय, तिला भीती ठाऊक न्हाई, तिच्या डोळ्याची पापणी हलली न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती आली न्हवती, म्हैस व्यायला झाली हुती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन आली. मला वाटलं काहीतरी बरं बोलंल. तर खुर्चीपाशी आली, म्हणली, आबा, काल खरं बोलायला उठला हुतात म्हणं? व्हय, म्हणलं. तर म्हणली, मग खोटं कशाला मिसळलं? मला भीती ठाऊक न्हाई, हे तुमाला कुणी सांगितलं? त्या संध्याकाळी मी घरी गेले, गोठ्यात शिरले, म्हशीच्या मानेत तोंड खुपसलं आन रेखाला ऐकू जाऊ नये म्हणून पदर दातात धरून रडले. पोरगा न्हाईच आता, असंच वाटत हुतं मला. मला बी काही माहीत न्हवतं. तुमच्याइतकंच माहीत न्हवतं. वाघीण-बिघीण करू नका, पुढच्या बाईला वाटंल, आपल्याला रडू येतंय म्हणजे आपण कमी हाय.

म्हणलं, वहिनी, मग शटर कसं काय वर केलंत?

म्हणली, रडायचं ते रडलेच की. पण कुणाला माहीत न्हाई, तर माहीत न्हाई असंच म्हणायचं.

आन मापावरच्या माझ्या सुनेला म्हणली, माप नीट घे गं, काल कमी धरलंस.

तर तुमी माझं जे लिहून घेतलंय त्यात एवढं घाला. ती घाबरली हुती. लई घाबरली हुती. संजय सुट्टी संपवून तिकडंच हाय, परत सरहद्दीवरचं कायबाय कानावर येतंय. देव त्याला सुखरूप ठेवो, आन पलीकडच्या बाजूला जी कोणी त्याच्यासारख्या पोराची आई म्हशीच्या मानेत तोंड खुपसून उभी असंल, तिच्या बी पोराला ठेवो.