उद्गार काढला कोणी?

…आणि वर त्या शिक्षिकाबाई मुलांना बजावतात, उद्गारचिन्ह काढून टाका. काढून टाका म्हणजे काय हो? आमटीतला कढीपत्ता आहे का तो, ताटाच्या कडेला काढून ठेवायला? तुम्हाला सांगते, मी जुनी मॅट्रिक. अकरावीची. इंग्रजीत शाळेत पहिली आलेली. हा डायरेक्ट-इनडायरेक्टचा धडा मीही केलेला आहे, पण तेव्हा आम्ही गुरुजींना उलट प्रश्न विचारत नव्हतो, सांगतील ते घोकत होतो. म्हणून जो प्रश्न तेव्हा पडायला हवा होता तो आत्ता पडला… नोएडात, नवव्या मजल्यावर, नातीचा गृहपाठ घेताना.

वाक्य काय, तर बाग पाहून एक बाई म्हणते, 'हाउ ब्यूटिफुल द गार्डन इज!' सरळ बाई, बाग पाहिली, जीव हरखला, बोलून गेली. तर त्याचं करायचं, 'शी एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट द गार्डन वॉज व्हेरी ब्यूटिफुल.' तिने आनंदाने उद्गार काढला की बाग फारच सुंदर होती. हे बागेचं कौतुक झालं का? हा बागेचा पंचनामा झाला.

मी पूर्वीला विचारलं… पूर्वी म्हणजे आमच्या यतीनची मुलगी, आठवीत आहे, जन्म इथलाच… म्हटलं, आनंदानेच कशावरून? त्या बाईला माहेरची बाग आठवून भरून आलं नसेल कशावरून? तर म्हणते, "आजी यार, टीचरने टेबल दिलंय ना. हुर्रे असेल तर जॉय, अलास असेल तर सॉरो. आणि काहीच नसेल तर आपण बघून लावायचं."

आता नोएडात 'अलास' म्हणतं कोण, हे मला एकदा त्या शिक्षिकाबाईंना विचारायचं आहे. आमच्या सोसायटीची लिफ्ट दर आठवड्याला बंद पडते, तेव्हा माणसं काय म्हणतात ते मी इथे उच्चारणार नाही, पण 'अलास' म्हणत नाहीत. ते राहू द्या. 'आपण बघून लावायचं' म्हणजे काय? बोलणार एक, ऐकणार दुसरा आणि बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते ठरवणार तिसरा? मग मला सांगा, उद्गार काढला कोणी?

बरं, हे पुस्तकात राहिलं असतं तर मी एक अक्षर बोलले नसते. पण नेमका त्याच दिवसांत आमच्याकडे अबोला चालू होता. माझा आणि यांचा. पूर्वीला अबोला हा शब्द ठाऊक नव्हता, मी समजावून सांगितला तर म्हणते, अच्छा, म्हणजे तू आजोबांना ब्लॉक केलंयस. तसं म्हणा हवं तर.

कारण ऐका आणि मग मला दोष द्या. दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन, प्रमुख पाहुणे ओडिशाकडचे मोठे अधिकारी, त्यांना मराठी येत नाही. तेव्हा स्वागताचं भाषण इंग्रजीत करायचं, आणि मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव सगळ्या तरुण, शिकलेल्या मंडळींना सोडून माझ्याकडे आले. मी भाषण केलं. हातात कागद नाही, कुठे अडखळणं नाही, व्याकरणाची एक चूक नाही. पाहुणे स्वतः उठून म्हणाले, असं इंग्रजी हल्ली ऐकायला मिळत नाही. बायकांनी हात हातात घेतले. आणि आमचे हे? पहिल्या रांगेत, घडी घातलेल्या शालीसारखे बसलेले.

परतताना गाडीत मी वाट पाहिली. मयूर विहार गेलं, यमुनेवरचा पूल तर त्याआधीच गेला होता, नोएडाची पाटी आली, आमच्या सेक्टरचा सिग्नल आला. तो लाल होता, म्हणजे वेळही भरपूर होता. तेव्हा यांनी घसा साफ केला. मी पदर सावरून बसले हो, या वयात. आणि हे म्हणाले, "वेळेत संपलं."

वेळेत संपलं. भाषण होतं की पाणीपुरवठा?

पण यांचा जन्म मंत्रालयातल्या फायलींत गेलेला आहे. कोणी रक्त आटवून टिपण लिहून आणावं, यांनी खाली 'पाहिले' लिहून सही करावी. मुलगा झाला तेव्हा इस्पितळात येऊन पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, ठीक आहे. यतीनला आजही वाटतं, त्या दिवशी आपण मंजूर झालो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला एक 'वा' आलेला नाही, आणि मी काही दागिने मागत नव्हते, एक अक्षर आणि एक काना मागत होते. म्हणून अबोला.

आमचा अबोला आदळआपट करणारा नाही. रीतसर असतो. एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसायचं आणि निरोप पूर्वीने पोचवायचे. पूर्वी, आजोबांना सांग चहा झाला. पूर्वी, आजीला सांग कपात साखर नाही. यतीन म्हणाला, अगं आई, तुमच्यात हातभर अंतर नाही, पोरीची परीक्षा आलीय. तर पूर्वी म्हणाली, नो नो पापा, माझी प्रॅक्टिस होतेय.

ती कसली प्रॅक्टिस, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आजोबांनी आनंदाने उद्गार काढला की आजची आमटी फारच चविष्ट झाली आहे."

तुम्हाला सांगते, माझ्या हातातला डाव तसाच राहिला. म्हटलं, ते काय म्हणाले नेमकं? तेच शब्द सांग. तर म्हणाले होते, आमटी बरी आहे. मग 'फारच' कुठून आलं? 'आनंदाने' कुठून आलं? म्हणते, "आजी, डायरेक्ट फार बोअर होतं. म्हणून मी आधी त्याचं 'व्हॉट अ टेस्टी आमटी!' बनवलं, मग इनडायरेक्ट केलं. स्टेपचे मार्क असतात."

मी तिला चांगली खडसावली. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणं याला आमच्या वेळी खोटेपणा म्हणत, असं स्वच्छ सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आमटीच केली… घरात चिंच जास्त झाली होती म्हणून. हसू नका.

तिसऱ्या दिवशी मी बाजारात निघाले, तर ही धावत आली. आजोबा आश्चर्याने उद्गारले की आजी निळ्या साडीत अतिशय शोभून दिसते. हे मुळात काय म्हणाले होते ठाऊक आहे? "ही कुठे निघाली?" आता उन्हातान्हात म्हातारी बायको कुठे निघाली असं विचारणं आणि साडीत शोभून दिसते म्हणणं, यात काही नातं आहे का? मला सांगा ना, उद्गार काढला कोणी? मी रागावून निघाले. ती साडी मात्र संध्याकाळपर्यंत बदलली नाही.

मग लक्षात आलं, हा व्यवहार दुतर्फा आहे. मी सांगितलं होतं, आजोबांना म्हणावं, खोलीतून निघताना पंखा बंद करायला हात झिजत नाहीत. तिकडे काय पोचलं? आजी दुःखाने उद्गारली की या वाऱ्याने आजोबांना सर्दी होईल. त्या दिवसापासून पंखा बंद. एवढंच नाही, हे सेक्टरच्या बाजारातून मेथी घेऊन आले आणि वर्तमानपत्र पसरून स्वतः निवडायला बसले. मंत्रालयात एवढ्या फायली निवडल्या असत्या तर बढती लवकर मिळाली असती.

माझा संताप तुम्हाला कळतोय ना? घरात गोडवा वाढत होता आणि त्यातला एक शब्द खरा नव्हता.

शेवटी मी ठरवलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. म्हटलं, पूर्वी, आजोबांना विचार, आजीचं त्या दिवशीचं भाषण कसं झालं होतं. आणि या खेपेला तुझं टेबल नको, त्यांचेच शब्द हवेत. ती गॅलरीत गेली, आणि मी… चोरून ऐकणं वाईट हे मला मान्य आहे… पडद्यामागे उभी राहिले.

यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळू आवाजात पूर्वीला म्हणाले, "मला ते बोलता येत नाही गं. तू रोज छान लावतेस, तसंच लाव. ड्राफ्ट तू कर, माझी सही धर."

म्हणजे यांना ठाऊक होतं. आमटीपासून सगळं ठाऊक होतं. आणि त्या निळ्या साडीलाही यांची संमती होती.

पोरगी आत आली, मी तोवर तांदूळ निवडत बसले होते, आधीच निवडलेले. ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आजोबांनी परमानंदाने उद्गार काढला की आजीने इतकं अप्रतिम भाषण केलं की त्यांना पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायचंसुद्धा सुचलं नाही."

आता तुम्हीच सांगा, उद्गार काढला कोणी? पोरीने रचला, यांनी सही केली, आणि डोळ्यांना पदर लावला मी. मॅट्रिक झालेल्या बाईने.

परीक्षा झाली, पोरीला मार्क उत्तम पडले. आता घरात सगळे मागे लागलेत, आजी, अबोला सोड, थेट बोल. परवा यतीनने हात जोडले. त्याला म्हटलं, अरे, लग्न झाल्यापासून आमचं बोलणं आता कुठे सुरू झालंय, ते लगेच मोडायला सांगू नकोस.