कडब्यातले टोमॅटो

हसा तुम्ही, पण पुस्तकात वाचून प्रयोग करणं मी सोडणार नाही. हॉलंडहून परतताना बागकामाच्या पुस्तकांनी अख्खी बॅग भरून आणली होती मी. एकात मातीशिवाय, वाळल्या गवताच्या गठ्ठ्यातच भाजी पिकवायची पद्धत होती. मी थेट नातेपुत्याला मामांकडे गेले आणि गवताऐवजी कडब्याच्या सहा पेंढ्या मागितल्या.

"अगं, वैरण भिजवतीस व्हय?" मामी ओरडल्या.

मामा म्हणाले, "करू दे की. एक जरी टोमॅटो आला, तर गुंठाभर रान तुझं."

दहा दिवस पेंढ्या भिजवल्या, पुस्तकात सांगितलं तसं गुळाचं पाणी ओतलं, रोपं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर म्हशीनं दावं तोडलेलं आणि माझी सगळी बाग तिच्या तोंडात!

मामांनी शांतपणे पुस्तक चाळलं. "लिहिणाऱ्याकडं म्हस हाय का गं?"

मी मागचं पान वाचलं. "नाही. दोन मांजरं आहेत."

"मग त्याचं बरोबरच हाय की! म्हसवाल्यानं लिहिलेलं पुस्तक आण, गुंठा तुझा."

असं पुस्तक कुठंच मिळेना, म्हणून आता मीच लिहिणार आहे. कालच एक म्हैस बघून आले.