बिशपचा हरवलेला वाडा

…नाही गं शिवांगी, त्या खुर्चीत नको, ती श्रीरंगांची — इथे बस. येतीलच ते. प्रीताला आणायला गेलेत. तिला ड्राइव्ह करता येत नाही का? येतं की, हायवेवरून एकटी शिकागोला जाते — पण इंटरव्ह्यू दोघांचा ना, म्हणून आणायला गेले. असू दे. मंडळाच्या अंकासाठी तुला काय हवंय, शोध कसा लागला तेच ना? मी सांगते, पाठ झालंय मला. इंग्लंडमध्ये हजारएक वर्षांपूर्वी एक बिशप होता, मोठा धर्मगुरू. त्याचा वाडा, वाड्याला लागून चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर — होतं एवढं माहीत, पण कुठे होतं ते कुणालाच सांगता येईना. तिकडच्या लोकांनी विमानातून काढलेले फोटो ऑनलाइन टाकले, ज्याला हौस असेल त्याने शोधा म्हणून. रिटायर झाल्यावर यांना हौस. आणि प्रीता — नवरा गेल्यापासून एकटी असते बिचारी — बिचारी मीच म्हणायचे तेव्हा. मीच म्हटलं, तिलाही घ्या, मन रमेल तिचं. रमलं. रोज दुपारी व्हिडिओ कॉल. ‘श्रीरंग, ही रेघ बघ.’ बघ म्हणते ती. मी अजून अहो म्हणते.

मग तिकडे पाऊसच पडला नाही. जमिनीखाली भिंत असली की वरचं पीक आधी पिवळं पडतं म्हणे — तर एका गव्हाच्या शेतात मोठा पिवळा चौकोन उमटला, आणि शेजारी छोटा, एका टोकाला गोल. तेच चॅपल. नव्या फोटोत यांना दिसलं. मी या ओट्याशी भेंडी चिरत होते. ते नुसते वळले असते तरी मी दिसले असते त्यांना. त्यांनी फोन उचलला. ‘प्रीता, सापडला.’ डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या. आमचा नील झाला तेव्हा नव्हतं.

आता खोदायला सुरुवात होतेय, दोघांना बोलावलंय. मी? मी नाही जात. विचारलं नाही असं नाही — प्रीता मुद्दाम आली होती, म्हणाली, सुमित्रा, तू नसशील तर मीही जात नाही. आणि मनापासून म्हणत होती, त्याचाच राग आला मला. लबाड असती तर सोपं झालं असतं. मी म्हटलं, माझे गुडघे. गुडघ्यांना काय झालंय? काही नाही. रोज तळ्याभोवती चालते मी. वाटलं, हे तरी म्हणतील, गुडघ्यांचं बघू, तू चल. तर म्हणाले, ‘बरोबर आहे, तुला झेपायचं नाही,’ आणि स्क्रीनकडे वळले. मला जायचंय गं. त्या शेतात उभं राहून बघायचंय, एवढं काय आहे तिथे —

हे लिहून घेतेयस? नको, खोड ते. गॅरेज उघडलं बघ, आले. हसतायत, ऐकलंस? घरात शिरून दार लावलं की थांबेल ते हसणं. ती आत येऊन मला मिठी मारेल, मीही मारीन.

गुडघ्यांचं बोलू नकोस हं. मी चहा टाकते.