शिदूची तहान

ऐका. आन् ती विडी इझव रं आधी, धुरानं डोळं चुरचुरत्यात माझं.

रंगराव पलटणीतनं सुट्टीवर आला, तवाची गोष्ट. दिस मावळल्यावर मोटारीतनं उतरला, आन् काय दुर्बुद्धी झाली, आपल्या ह्या खिंडीच्या वाटंनं निघाला. लोक म्हणले, "सकाळी जा की!" ऐकतोय कुठला! वरच्या वाडीत ठकूआई पोराची वाट बघत बसलेली. तिचा शिदू, रंगरावाच्याच पलटणीतला, लढाईत मेला, ते तिला अजून ठावं न्हवतं. ते सांगायचं काम रंगरावाच्या गळ्यात.

कुठं मेला? लांब, समिंदरापल्याड, आफ्रिकेत. केरन म्हणून खिंड हाय. वर इटलीवालं तोफा लावून बसल्यालं, खालनं आपली पोरं चढत्यात. सावली न्हाई, पाणी न्हाई. ती खिंड पडली आन् तिथलं इटलीचं राज्य बुडालं. दुसऱ्याचं राज्य बुडवायला आपली पोरं गेली, बाबांनो, आन् आपल्या उरावर गोरा तसाच! असू द्या. तिथं शिदूच्या पोटात गोळी लागली. "रंग्या, पाणी दे." पाण्याची बाटली रंगरावाच्या खांद्याला. पण पोटात गोळी लागल्याला पाणी द्यायचं न्हाई, असा सायबाचा हुकूम. रंगरावानं हुकूम पाळला. शिदू तसाच गेला, कोरड्या तोंडानं.

आता ऐका. रंगराव खिंडीत शिरला, तर मागनं बूट वाजाय लागलं. खाड्, खाड्. हा थांबला, की त्येबी थांबत्यात! मग कानापाशी आवाज, "रंग्या, पाणी." रंगरावानं बाटली काढली, वाटंवर वतली. सगळी वतली! माती भिजंना. "आणखी." आन् वाट संपंना हो! चढतोय, चढतोय. झाडं गेली, करवंदीच्या जाळ्या गेल्या, निसती काळी दगडं. तीच केरनची खिंड! मग पाठीवर वजन बसलं. गळ्याभोवती दोन हात. खाली दरीत झरा वाजतोय, आन् पाठीवरचा त्याला कड्याकडं रेटतोय. "तिथं हाय बघ पाणी. चल." एक पाय सुटला कड्यावरनं!

तवा रंगराव रडत वरडला, "मला खुशाल मार, शिदू! पण तुझ्या आईला कोण सांगणार रं?"

वजन उतरलं. निसता एक हुंदका ऐकू आला, लांब लांब जाणारा.

पहाटं रंगराव ठकूआईच्या दारात जाऊन पडला. शिदू गेल्याचं सांगितलं. म्हातारी रडली न्हाई. येवढंच इचारलं, "शेवटाला पाणी घातलंस न्हवं त्याच्या तोंडात?" खोटं बोलला असता तर कुणाला कळणार हुतं? पण त्याची जीभ उचलंना. "न्हाई, आई," म्हणला, आन् खिंडीत शिदू पाणी मागत हुता, तेबी सांगितलं.

तिनं घागर उचलली आन् खिंडीची वाट धरली. जगली तवर रोज तिन्हीसांजंला जायची. मेल्यावरबी जातीया. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटंनं जाऊ नका. एक म्हातारी आडवी यील. "पाणी पितोस का, लेकरा?" म्हणल. लई मायेनं म्हणल. पण तिची घागर तुम्हीच रिकामी केली, तर तिनं शिदूला काय द्यायचं?