खालून हिरवट

हॅलो?… हो, हो, हिंगोली. जिनिंगचं ऑफिस… मी अनुसूयाच बोलतेय. कोण, वन्सं?… नमस्कार करते. जरा मोठ्यानं बोला, इकडे टिनावर पाऊस वाजतोय.

हो, बाळंतीणच आलेय फोनवर. क्वार्टर लागूनच तर आहे… बांधलेत हो कान. बाळी निजलीय, शेजारीण बसलीय तिच्यापाशी. विशू कसाय ते आधी सांगा.

खोकला गेला?… आणि माझी आठवण काढतो का?… अजिबात नाही? बरंय. आत्याच्या घरी एवढे लाड चाललेत म्हटल्यावर आई कशाला आठवेल त्याला!

काय रांधलंय म्हणालात?… सात्या?

कुठल्या सात्या, वन्सं?… नाही, सहज विचारतेय. वारुळावरच्या छत्र्या, अळंबीच ना?… उकिरड्यावरच्या? उकिरड्यावर कशा येतील सात्या?… ताटलीएवढ्या. पांढऱ्या… देठाला कडं… आणि खालून?

खालून कशा म्हणालात?… हिरवट?

वन्सं, पातेलं चुलीवर आहे का अजून?… उतरवा. आधी उतरवा, मग बोलू. मी धरते ना फोन… जा, जा तुम्ही…

…हां. उतरवलं? विशूनं खाल्लं का त्यातलं?… ओसरीवर खेळतोय, ते ठीक. पण खाल्लं का?… अहो, भाकरीचं नाही विचारत मी! छत्र्यांचं विचारतेय… ‘वाढणारच होते’ म्हणजे वाढलं नाही ना? चाखायला? बोटभर?… मग हो की नाही ते सांगा ना सरळ!

रागावले नाही… नाही, ओरडतही नाही. ऐका तरी.

‘हिरवं हाय म्हंजी भाजीच की’… नाही हो, तिथंच तर घोटाळा आहे. पालेभाजी हिरवी असते कारण पान उन्हात आपलं अन्न आपण तयार करतं. त्या कामाचा तो रंग. छत्रीला पान कुठंय? मूळ कुठंय? तिला ऊन नसलं तरी चालतं. ती जगते कुजक्यावर, शेणावर, सडक्या लाकडावर. आपण खुडतो ते नुसतं तिचं फळ. खरा जीव खाली उकिरड्यात, पिंजलेल्या कापसासारखा पसरलेला… हो, कॉलेजातच शिकले. भिंगाखाली पाहिलंय मी. पुस्तकात तिला झाडांच्या पंगतीला बसवलंय, पण झाडाची एक रीत नाही तिच्यात. मग पानाचा हिरवा रंग तिच्यात येईल कुठून? छत्रीच्या खाली दिसते ती भुकटी असते हिरवट. तिच्यातूनच पुढच्या छत्र्या उगवतात. असल्या हिरव्या भुकटीची छत्री खाऊ नये, असं आमच्या बाई दरवर्षी बजावायच्या.

तरोट्याच्या भाजीसारखं उकळून पाणी फेकलं?… तरोट्याचा कडूपणा पाण्यात उतरतो, वन्सं. हिचं विष तसं उतरेलच असं नाही. आणि चवीला गोड लागते, कळत नाही, हेच तर वाईट.

हळकुंड?… घातलंत रश्शात, आणि लाल न होता पिवळंच राहिलं, म्हणून विष नाही?… माहीत आहे मला, वसमतच्या हळदीवर सगळ्यांचा भरवसा. पण हळद लाल होते ती चुन्यानं, खारानं. पान खाताना ओठ का रंगतात?… ते काथानं, बरं, ते सोडा. हळदीच्या हातानं चुन्याची डबी उघडलीत की बोटं लाल होतात ना? तेवढंच तिला कळतं. विष ओळखणं तिचं काम नाही.

शेळीनं खाल्लं?… शेळी रुई पण खाते. तुम्ही खाल का रुईचा पाला?

नाही म्हणाले हो मी तसं! तुम्ही त्याला विष घालाल असं मी म्हणेन का?… ‘पोटचं न्हाई म्हणून’… असं काहून बोलता, वन्सं? तुमच्यावर भरवसा नसता तर एवढंसं लेकरू मी इथून पाठवलं असतं का?

हॅलो?… हॅलो, आहात ना?… काय झालं? मघापासून थांबून थांबून बोलून राहिल्यात तुम्ही.

वन्सं. तुम्ही खाल्लंय.

किती?… वाटीभर. कधी?… सकाळीच. ‘रानातलं आधी मोठीनं खायचं, घडीभर थांबायचं, मग लेकराला’… माहीत आहे, सासूबाई पण तसंच करायच्या… मग ओकारी झाली?… एकदा नाही, वन्सं, खरं सांगा… आणि पोटात?… देवा. पित्त नाही ते! म्हणून फोन केलात ना? आणि मला खोकल्याच्या गोष्टी सांगत बसलात?

बरं, बरं. नाही बोलत. घरात कोण आहे?… भावजी गोरेगावच्या बाजाराला, म्हणजे कुणीच नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसा, विशूला फोन द्या… द्या हो, बोलेल तो.

विशू? हां, आईच आहे मी. बाळा, नीट ऐक. तू आज ती छत्र्यांची भाजी खाल्लीस?… रडलास तरी दिली नाही आत्यानं? चाटून पण नाही पाहिलीस?… शहाणं माझं लेकरू… नाही, रडत नाही मी. आता शेजारच्या हाजराबीला हाक मार. मोठ्यानं. अजून मोठ्यानं… पातेल्याजवळ जाऊ नको, दारातूनच मार…

हाजराबी? मी अनुसूया. वन्संनी विषारी छत्र्या खाल्ल्यात… हो, उकिरड्यावरच्याच… तुम्ही नको म्हणाल्या होता, हो, बराबर, पण ते नंतर! तांगा बोलवा, शंकरसिंग डॉक्टरांकडे न्या. ओकारी आली तर येऊ द्या, दाबायची नाही. उकळून निवलेलं पाणी, मीठसाखर घालून, घोट घोट पाजत न्या. एक कच्ची छत्री कागदात बांधून डॉक्टरांना दाखवा… चुलीपाशी असेल बघा… आणि ते पातेलं खड्ड्यात पुरा, शेळीला पण नको. विशूला तुमच्याजवळ ठेवाल?… अल्ला तुमचं भलं करो.

…कोण? वन्सं, तुम्ही काहून उठलात? बसा खाली!

न्यायला?… नाही हो. विशूला न्यायला येत नाही मी. तो तिथंच राहील, तुम्ही बऱ्या होऊन घरी आलात की तुमच्याच हातचं जेवेल… येतेय तर खरीच, दुपारच्या गाडीनं, बाळीला घेऊन. तुमच्याजवळ बसायला… असू द्या पाऊस. सव्वा महिना झाला नाही तर नाही, बोलू द्या कुणाला काय बोलायचं ते.

तांगा आला?… मग जा. हाजराबीचा हात धरा… हो वन्सं, कळलं मला. लेकराला तुम्ही दिलं नाही. कळलं… ठेवते मी. गाडी गाठायचीय.