सगळ्यांचं ठरलं होतं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात बसली होती. तिच्या मांडीवर गृहपाठाची वही होती.

“आजोबा, ‘बहिष्कार’ शब्द कुठून आला?”

“बहिस् म्हणजे बाहेर. एखाद्याला बाहेर करणं.”

“पण आमच्याकडे एक मुलगी आहे, ती तर वर्गातच बसते. फक्त तिच्याशी बोलायचं नाही, असं ठरलंय.”

“ठरवलं कोणी? तुमच्या पंचांनी?”

“सगळ्यांनीच.”

“आणि तू?”

“मी पण नाही बोलत.”

“आमच्या छापखान्यातही ठरलं होतं. संपात एकजण कामावर आला, म्हणून.”

“मग?”

“कागद कापायचं यंत्र माझ्याकडे होतं. पातं खाली आणण्याआधी मी ‘हात!’ असं ओरडायचो. त्या दिवशी समोर तो एकटाच कागद लावत होता.”

“तुम्ही ओरडला नाहीत?”

“त्याच्याशी बोलायचं नव्हतं ना. वाटलं, त्याला दिसेलच.”

“लागलं त्याला?”

“दोन बोटं गेली.”

“…आजोबा, मी उद्या तिच्याशी बोलते.”

“उद्या कशाला? तिचा नंबर आहे?”

“पाठ आहे.”

“हा घे फोन.”